वेचणीच्या दिवसांतले रात्रीचे जेवण



परतूरकडे सोयाबीनची काढणी आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी लागते. सकाळी भाकरी बांधून शेतात गेलेली बाई दिवेलागणीला घरी येते. हातपाय धुवायचे, जनावराला पाणी दाखवायचे, आणि मग कुठे स्वयंपाकाला लागायचे. भाजी शिजेपर्यंत धाकटे पोर बिस्किटाचा पुडा खाऊन झोपलेले असते. शिक्षकबंधूंनी, पहिल्याच तासाला पेंगणाऱ्या मुलाला रात्री काय जेवलास, एवढे एकदा विचारून पाहावे.

यावर आपल्याकडे जुनी तोड आहे. चैत्र-वैशाखात शेत मोकळे असते, ऊन कडक असते, आणि घरोघरी वाळवण पडते. कुरडईचेच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो मीठ घालून शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून धोतरावर पाडायचा. दंड भरून येतात. शेवया, सांडगे, मूगवड्या आहेतच. हरभऱ्याचा कोवळा पाला तर थंडीतच खुडून वाळवलेला असतो. त्यातला मूठभर घेतला, थोडे डाळीचे पीठ आणि लसणाची फोडणी दिली, की घडीभरात भाकरीला कोरड्यास तयार! फुरसतीच्या दुपारचे कष्ट घाईच्या रात्री असे कामी येतात.

वाळवण टिकते कशाने? अन्न नासवणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला जगायला पाणी लागते. ऊन ते पाणीच काढून घेते.

आता पुष्कळ घरांत फ्रिज आला आहे, आणि शिजवलेली भाजी बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवता येते. आपण म्हणाल, शिळेच ते! तसे नाही. पाणी गोठले म्हणजे तेही जंतूंना मिळेनासे होते. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा एक अमेरिकन १९१२ नंतर काही वर्षे लॅब्राडॉरच्या बर्फाळ किनाऱ्यावर राहिला. तिथे पकडलेला मासा वाऱ्याने क्षणात गोठे, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. झटपट गोठताना बर्फाचे कण बारीक होतात. सावकाश गोठताना मोठे होतात आणि भाजीचा लगदा करतात. १९३० साली त्याच्या पद्धतीने गोठवलेले अन्न अमेरिकेत दुकानात विकायला आले. आपण यातून घ्यायचे ते इतकेच, की डबा पसरट घ्यावा आणि त्यात एका वेळेपुरतेच भरावे.

पण वाळवण आणि गोठवण यांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. कुरडयांचा डबा चार महिने विसरलात तरी बिघडत नाही. गोठवलेल्या अन्नातले जंतू मात्र मेलेले नसतात, नुसते निजलेले असतात. ऊब मिळाली की ते जागे होतात. म्हणून रांधलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि आपल्या उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये गेले पाहिजे. सकाळचे उरलेले संध्याकाळी गोठवणे म्हणजे दुखणे राखून ठेवणे. काढल्यावर ते ओट्यावर तासन् तास ठेवू नये. खालच्या कप्प्यात विरघळू द्यावे किंवा थेट पातेल्यात घालून खळखळ उकळावे. एकदा विरघळलेले पुन्हा गोठवू नये.

वरण, उसळ, कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण हे चांगले राहते. बटाट्याचा रस्सा मात्र भुसभुशीत होतो. भाकरी ताजीच थापावी, त्याला इलाज नाही. बाकी गरम करण्याचे काम घरात आधी पोचलेल्या पुरुषानेही करावे. त्याला पाककलेची गरज नाही.

गोठवणाचा खरा शत्रू आहे वीज. अन्न दीर्घकाळ राखायला उणे १८ अंशांची थंडी लागते. एका दाराच्या लहान फ्रिजचा कप्पा तितका गार होतोच असे नाही; त्यातले आठवड्याभरात संपवावे. वीज गेली तर दार उघडून पुनःपुन्हा पाहू नये. खालच्या कप्प्यातले अन्न चार तासांपलीकडे भरवशाचे राहत नाही. वरचे दार बंद असेल तर थोडे अधिक तग धरते.

दिवसभर शेतात असताना वीज किती वेळ गेली होती, हे कळायचे कसे? वाटीभर पाणी गोठवा, त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि वाटी तशीच कप्प्यात राहू द्या. घरी आल्यावर नाणे वर दिसले तर भाजी चुलीवर चढवा. नाणे तळाशी गेले असेल, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. ती भाजी टाकून द्या आणि हरभऱ्याच्या पाल्याचा डबा काढा.