दानाची हाक आणि स्वमग्नांचा सन्मान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

दान म्हणजे केवळ द्रव्याचा त्याग नव्हे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनुग्रह हा दानाचा हेतू सांगितला. आणि विधी, द्रव्य, दाता व पात्र या चारांवरून दानाचे मोल कमी-अधिक ठरते, असेही स्पष्ट केले. द्रव्याची आणि दात्याची चर्चा सर्वत्र होते. विधीची चर्चा मात्र क्वचितच होते. देण्याला जसा विधी आहे, तसा मागण्यालाही असावयास हवा. ज्याच्यासाठी झोळी पसरावयाची, त्याचे चित्र त्या झोळीवर कसे रंगवावे? हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत स्वमग्न व्यक्तींच्या संदर्भात तीव्रतेने उभा राहिला. ती हकीकत प्रत्येक दानशूर समाजाने जाणून घ्यावी अशी आहे.

ऑटिझम या अवस्थेचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. मराठीत तिला स्वमग्नता म्हणतात. ही मेंदूच्या विकासाची जन्मभराची निराळी घडण आहे. कोणाला आवाज आणि प्रकाश असह्य होतात, कोणाला नजरेला नजर देणे जड जाते. कोणी अस्खलित बोलतो, तर कोणी मुळीच बोलत नाही. 'स्वमग्न' या शब्दामुळे मात्र अशी व्यक्ती स्वतःतच बुडालेली असते, तिला जगाशी कर्तव्य नसते, असा ग्रह सहज होतो. तो खरा नाही. आपल्याविषयी काय बोलले जाते, हे यांतील अनेकांना पूर्णपणे कळत असते.

२००७ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानसोपचार केंद्राने बालकांच्या मानसिक विकारांविषयी जागृती करण्यासाठी एक जाहिरातमोहीम काढली. अपहरणकर्ते खंडणीसाठी जशी पत्रे धाडतात, तशी पत्रे शहरात फलकांवर झळकली. 'तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे' अशा अर्थाचा मजकूर, आणि खाली सही स्वमग्नतेची! हेतू पालकांना जागे करण्याचा होता. परंतु त्या फलकाखालून शाळेत जाणाऱ्या स्वमग्न मुलाला त्यातून काय कळले असेल? आपण घरातून चोरीला गेलेले मूल आहोत, हेच ना? स्वमग्न व्यक्तींनी स्वतः स्थापन केलेल्या एका संघटनेने याचा निषेध केला. तिचा अध्यक्ष आरी नेमान हा तेव्हा अवघ्या वीस वर्षांचा, स्वतः स्वमग्न असलेला तरुण होता. अपंगांच्या अनेक संघटना त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि १९ डिसेंबरला ती मोहीम मागे घेण्यात आली.

हा धडा सर्वांनी घेतला, असे मात्र झाले नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये 'ऑटिझम स्पीक्स' या अमेरिकेतील मोठ्या धर्मादाय संस्थेने एक चित्रफीत दाखविली. तीत स्वमग्नतेलाच खलनायकाचा आवाज दिला होता. तो आवाज आई-वडिलांना बजावत होता, की मी तुमचा संसार मोडीन, तुम्हाला कंगाल करीन. या चित्रफितीविरुद्धही निदर्शने झाली आणि संस्थेने ती आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली.

पुढच्याच वर्षीचा प्रसंग अधिक विचार करावयास लावणारा आहे, कारण त्यात भीती घालण्याचा लवलेशही नव्हता. ऑस्ट्रेलियातील एका संस्थेच्या पुढाकाराने १ नोव्हेंबर २०१० हा 'संवादबंदी'चा दिवस ठरविण्यात आला. लोकांनी देणगी द्यावी, त्या दिवशी फेसबुक आणि ट्विटर या माध्यमांवर मौन पाळावे आणि स्वमग्न व्यक्तीला जाणवणारा एकाकीपणा स्वतः अनुभवावा, अशी कल्पना होती. कल्पना सालस होती, परंतु तिचा पायाच चुकीचा होता. समोरासमोर बोलताना ज्यांची जीभ अडखळते, अशा कितीतरी स्वमग्नांना लेखी संवादाची ही माध्यमे वरदानच ठरली होती. तेथे चेहरा वाचावा लागत नाही. सवडीने, शब्द जुळवून उत्तर देता येते. ज्या अंगणात त्यांना मोकळेपणाने बोलता येत होते, तेच अंगण त्यांच्या नावाने ओस पाडावयाचे ठरले! शिवाय एक दिवस मौन पाळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलता येते. जन्मभर शब्दांशी झगडणाऱ्याचा अनुभव त्याला त्यातून कसा मिळावा?

याला उत्तर म्हणून कॅनडातील एका स्वमग्न लेखिकेने सुचविले, की त्याच दिवशी स्वमग्नांनी गप्प न बसता बोलावे, आपले अनुभव आपल्या शब्दांत लिहावेत. अनेकांनी तसे लिहिले आणि पुढील वर्षांतही १ नोव्हेंबर हा त्यांच्या बोलण्याचा दिवस म्हणून पाळला गेला. कोणाचाही उपमर्द न करता दिलेले हे उत्तर होते.

अनेकान्ताचे संस्कार झालेल्या मनाने येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या मातेचे मूल रात्र-रात्र झोपत नाही, स्वतःला इजा करून घेते, तिची व्यथा खोटी नाही. आपल्यानंतर याचे कोण करील, ही चिंता पालकांना पोखरत असते. शाळा, उपचार व निवारा यांना पैसा लागतो, आणि सौम्य शब्दांना समाज लवकर पाझरत नाही, हा कार्यकर्त्यांचा अनुभवही खरा आहे. ज्यांना बोलता येते अशा स्वमग्नांनी न बोलणाऱ्यांच्या वतीने बोलू नये, असाही आक्षेप घेतला जातो. परंतु जो बोलू शकत नाही, त्याला तर आपल्यावर रंगविलेले चित्र पुसताही येत नाही. शेजारी, शिक्षक आणि नातलग त्याच चित्राच्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहतात. म्हणून त्याच्याविषयी बोलताना अधिकच जपावयास हवे. पालकांचे कष्ट सांगावेत, पण मूल म्हणजेच संकट, असे सांगू नये.

पुढे हळूहळू बदल झाला. २०१३ मध्ये याच 'ऑटिझम स्पीक्स'च्या एका निवेदनातील निराशेच्या सुरामुळे स्वमग्न लेखक जॉन एल्डर रॉबिसन यांनी तिच्या सल्लागार मंडळांचा राजीनामा दिला. २०१५ च्या अखेरीस त्या संस्थेने आपल्या संचालक मंडळावर दोन स्वमग्न व्यक्तींना घेतले. सगळे मतभेद त्यामुळे मिटले नाहीत. पण ज्यांच्यासाठी काम चालते, त्यांना निर्णयाच्या बैठकीत जागा मिळाली. २००६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातही त्यांच्याविषयीचे पूर्वग्रह दूर करणे हे राष्ट्रांचे कर्तव्य मानले आहे. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला, आणि २०१६ च्या आपल्या कायद्यात स्वमग्नतेचाही स्पष्ट समावेश झाला.

आपल्याकडे गुप्तदानाची थोर परंपरा आहे. दात्याचे नाव झाकण्यामागे अहंकार गळावा, ही भावना असते. मग घेणाऱ्याचा चेहरा मात्र फलकावर उघडा का पडावा? आवाहनपत्रिका छापण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ज्याच्याविषयी हे लिहिले, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना ते वाचून दाखविले आहे काय? हेच मूल मोठे होऊन ही पत्रिका वाचील, तेव्हा त्याची मान खाली जाणार नाही ना? आणि हा उपक्रम ठरविताना त्याच्यासारख्या कोणाला विचारले होते काय?

अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने आपले हृदय कंप पावणे. त्या कंपनातून हात पुढे झाला, तर ते दान. पण तोच हात पुढे करताना दुसऱ्याला खाली लोटले गेले, तर द्रव्य पोहोचते आणि अनुग्रह मात्र वाटेतच हरवतो. दानाची हाक अशी असावी, की ज्याच्यासाठी ती दिली, त्यालाही ती ऐकताना आपला गौरव वाटावा.