माझा आवडता सदरलेखक

संगणकावरील खेळांविषयीं लिहिणारा एखादा लेखक आपला आवडता म्हणून सांगितला, कीं सुशिक्षित घरांतून दोन प्रश्न हमखास येतात. खेळाविषयीं लिहिण्यासारखें आहे तरी काय, हा पहिला. आणि जो खेळत नाहीं त्यानें तें वाचावें कशाला, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांना माझ्यापाशीं एकच उत्तर आहे, आणि तें म्हणजे ज्युलियन डिबेल या अमेरिकन पत्रकाराचें लेखन. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकांतून आणि पुढें 'वायर्ड' मासिकांतून त्यांनीं संगणकांच्या जाळ्यांतील जीवनावर लिहिलें. त्यांच्या तीनच कृतींविषयीं मी आज बोलणार आहें.

पहिला लेख १९९३ च्या डिसेंबरांतला. त्या वेळीं 'लॅम्डामू' नांवाचें एक खेळाचें जग कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतील एका संगणकांत नांदत होतें. त्यांत चित्र नव्हतें, ध्वनि नव्हता. होते ते केवळ शब्द. ठिकठिकाणचीं माणसें टोपणनांवें घेऊन तेथें जमत आणि आपण दिवाणखान्यांत बसलों आहों, हंसलों, रुसलों, हें एकमेकांना लिहून कळवीत. एके रात्रीं 'मिस्टर बंगल' हें नांव घेतलेल्या एका खेळाडूनें एक क्लृप्ति योजून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नांवावर अत्यंत बीभत्स कृत्यें पडद्यावर उमटविलीं. तीं पात्रें ज्यांचीं होतीं त्यांना आपली विटंबना मुकाट्यानें वाचीत बसावें लागलें. कोणाच्या अंगाला बोटहि लागलें नव्हतें. तरी त्यांतील एका स्त्रीनें पुढें जेव्हां या प्रकाराविरुद्ध आपलें म्हणणें लिहून काढलें, तेव्हां तिच्या डोळ्यांतून खरींखुरीं आसवें वाहात होतीं.

यावर त्या जगांतच सभा भरली. देहाला जेथें स्पर्श नाहीं तेथें अपराध कसला? पात्र पुसून टाकणें ही देहान्ताची शिक्षा होय काय? आणि ती देणार कोण? त्या जगाचे जे चालक, ज्यांना तेथें 'जादूगार' म्हणत, त्यांनीं तर आपण केवळ यंत्र सांभाळूं, लोकांच्या तंट्यांत पडणार नाहीं, असें आधींच जाहीर केलें होतें. सभा निर्णयावांचून उठली. अखेर एका जादूगारानें स्वतःच्या विचारानें तें पात्र पुसून टाकलें. नंतर त्या जगाचे संस्थापक पाव्हेल कर्टिस यांनीं अर्ज आणि मतदान यांची पद्धत तेथें सुरू केली. एका दुष्कृत्यांतून एका वसाहतीची राज्यघटना जन्मास आली, असें म्हटल्यास चालेल.

हें वाचतांना मला सभापर्वांतील द्यूतसभा आठवते. खेळच तो, पण त्याचे परिणाम खेळांतले नव्हते, आणि द्रौपदीच्या प्रश्नापुढें वडीलधारे निरुत्तर झाले. डिबेल निरुत्तर होऊन थांबत नाहींत. शब्द वेगळा आणि कृति वेगळी, ही जी सोयीची वांटणी आपण करून ठेवली आहे, ती आपणांस पूर्वीसारखी मानतां येत नाहीं, असें ते मोकळेपणानें लिहितात. संगणकाला दिलेली आज्ञा हा शब्दच असतो, आणि तो उच्चारतांच कार्य घडतें. नभोवाणीच्या श्रोत्यांना हें पटण्यास अडचण पडूं नये. या क्षणीं मी आपणांस दिसत नाहीं. माझे शब्द तेवढे आपल्यापर्यंत येतात. त्यांनीं मीं कोणाचा अपमान केला, तर तो अपमान खोटा ठरेल काय?

दुसरी कृति म्हणजे २००६ सालचें 'प्ले मनी' हें पुस्तक. 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळांतील वाडे, चिलखतें, सुवर्णनाणीं हीं सारीं पडद्यापुरतीं. पण खेळाडू तीं खरे डॉलर मोजून विकत घेत. या व्यापारावर पोट भरतें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं डिबेल स्वतःच त्यांत उतरले, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत त्यांना ३,९१७ डॉलर नफा झाला. काल्पनिक वस्तूंच्या विक्रीवर आयकर कसा भरावा, हा त्यांचा प्रश्न गमतीचा वाटतो. पण पैसा म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्या मागें उभा असतो.

तिसरा लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या पुरवणीमासिकांत जून २००७ मध्यें आला. चीनमधील नानजिंग शहरांत एका खोलींत तरुण कामगार बारा बारा तासांच्या रात्रपाळीनें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळांतील राक्षस मारून नाणीं गोळा करीत. शंभर नाण्यांमागें कामगाराला १० युआन, म्हणजे सुमारें सव्वा डॉलर मिळे. मालक तींच नाणीं ३ डॉलरांना किंवा अधिकांना विकी. आणि अमेरिकेंतील वा युरोपांतील हौशी खेळाडूला त्यांची किंमत २० डॉलरांपर्यंत पडे. मजुरी तासाला सुमारें ३० सेंट. एकाचा खेळ तो दुसऱ्याची हमाली, हें डिबेल यांनीं आंकड्यांनीं दाखविलें. आणि पाळी संपल्यावर यांतले कांहीं तरुण करमणुकीसाठीं पुन्हां तोच खेळ खेळत, हेंहि नोंदविण्यास ते विसरले नाहींत. केवळ कींव करणाऱ्या लेखकानें ही दुसरी गोष्ट गाळली असती.

डिबेल यांचा मोठेपणा मला येथें दिसतो. खेळ वाईट म्हणून ते कपाळाला आंठ्या घालीत नाहींत, किंवा नव्या युगाची तुतारीहि फुंकीत नाहींत. ते आंत जातात, राहतात, आणि तेथें कोण रडतो, कोण राबतो, कोण कमावतो हें सांगतात. क्वचित् व्यापाराच्या नादांत त्यांच्यांतील निरीक्षक मागें पडतो, हा दोष 'प्ले मनी'त आहे. पण तोहि ते लपवीत नाहींत. पुढें त्यांनीं कायद्याचा अभ्यास करून वकिली पत्करली. न्याय कोणी आणि कसा करावा या प्रश्नानें ज्याच्या लेखनाची कीर्ति झाली, त्यानें हा मार्ग धरावा, यांत नवल नाहीं.

आज आपल्याहि घरांतून मुलें तासन्‌तास अशा जगांत वावरतात, आणि आपण त्यांना एकच प्रश्न विचारतों : किती वेळ खेळलास? डिबेल वाचल्यावर आणखी दोन प्रश्न सुचतात. तेथें तुझ्याशीं कोण कसें वागलें? आणि तूं कोणाशीं कसा वागलास? हे प्रश्न विचारण्यासाठीं आईबापांना खेळ यावा लागत नाहीं. पडद्यापलीकडे माणूस आहे, एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुरे.