स्वस्त प्रोसेसर, वाढीव गती आणि मदरबोर्डाची कसोटी



ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद असो, शाळेतील विद्यार्थ्यांची पटनोंदणी असो अथवा तलाठी दप्तरातील सातबाराचा उतारा असो, आज या साऱ्या नोंदी संगणकाच्या साहाय्याने ठेवल्या जातात. संगणकाची निवड करताना बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : त्याचा वेग किती? हा प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. त्या वेगाने केलेले काम अचूक असते काय, आणि ते उन्हाळ्याच्या दिवसातही तासन्‌तास अचूक राहते काय, हेही विचारावयास हवे. या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व १९९८ सालच्या एका स्वस्त प्रोसेसरच्या उदाहरणावरून फार चांगले ध्यानात येते.

एका घराण्यातील दोन प्रोसेसर

अमेरिकेतील इंटेल कंपनीने २४ ऑगस्ट १९९८ रोजी दोन निरनिराळ्या ग्राहकवर्गांसाठी प्रोसेसर बाजारात आणले. एक होता ४५० मेगाहर्ट्झ गतीचा पेन्टियम टू. घाऊक खरेदीत त्याची किंमत नगास ६६९ डॉलर होती. दुसरा होता ३०० मेगाहर्ट्झ गतीचा सेलेरॉन ३००ए. त्याची किंमत १४९ डॉलर, म्हणजे पहिल्याच्या चौथाईहूनही कमी होती.

किंमतीत एवढे अंतर असले तरी दोघांच्या अंतरंगात तेवढे अंतर नव्हते. दोघांची मूळ रचना एकाच घराण्यातील होती. मुख्य भेद होता तो कॅश नावाच्या जलद स्मृतीचा. कारकुनाने वारंवार लागणाऱ्या फाइली मेजावर हाताशी ठेवाव्या आणि उरलेल्या अभिलेख कक्षात ठेवाव्या, तशी ही व्यवस्था असते. मेजावरची फाइल क्षणात मिळते, अभिलेख कक्षातून ती आणावयास वेळ लागतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनला दुसऱ्या स्तराची कॅश मुळीच नव्हती, आणि त्यामुळे त्याच्या मंदगतीवर पुष्कळ टीका झाली होती. सेलेरॉन ३००ए मध्ये ही उणीव दूर करण्यात आली. त्याला १२८ किलोबाइट कॅश मिळाली. पेन्टियम टूच्या ५१२ किलोबाइटच्या मानाने ती लहान होती. परंतु पेन्टियम टूची कॅश स्वतंत्र चिपांवर होती आणि प्रोसेसरच्या निम्म्या गतीने चालत असे. सेलेरॉनची कॅश प्रोसेसरच्या पोटातच होती आणि त्याच्या पूर्ण गतीने चालत असे.

मूळ स्पंदन आणि गुणक

प्रोसेसरची गती दोन संख्यांच्या गुणाकारातून ठरते. मदरबोर्ड एक मूळ स्पंदन पुरवितो आणि प्रोसेसर त्याला आपल्या गुणकाने गुणतो. सेलेरॉन ३००ए साठी मूळ स्पंदन ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार होता, म्हणून गती ३०० मेगाहर्ट्झ. हा गुणक कारखान्यातच कायम केलेला असे, तो बदलता येत नसे. तथापि मूळ स्पंदन पुरविणे हे मदरबोर्डाचे काम असल्याने तेथे वाट मोकळी राहिली. बोर्डाने ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झचे स्पंदन दिले की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झ गतीने चालू लागे. ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गती नेण्याच्या या प्रकारास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

हे शक्य झाले ते त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ४४०बीएक्स या चिपसंचामुळे. त्यावर आधारलेले मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झच्या स्पंदनासाठीच बनविलेले होते. तैवानमधील अबिट कंपनीच्या बीएच६ सारख्या बोर्डावर हे स्पंदन आणि प्रोसेसरला दिला जाणारा विद्युत्‌दाब, दोन्ही पडद्यावरील यादीतून निवडता येत. ज्या बोर्डावर स्पंदन आपोआप ठरत असे, तेथे प्रोसेसरच्या कडेवरील बी२१ हा संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकून बोर्डाकडून १०० मेगाहर्ट्झचे स्पंदन मिळविण्याची युक्तीही लोकांनी शोधून काढली. सर्वच नग ४५० पर्यंत पोहोचत नसत, परंतु पुष्कळ पोहोचत, आणि अनेक कामांत ते महागड्या पेन्टियम टूच्या बरोबरीने चालत.

बोर्डाची परीक्षा का?

बैलांची चाल दीडपट झाली तर केवळ बैलांचेच बळ पाहून भागत नाही. चाके, आख आणि जू यांनाही तो ताण सोसावा लागतो. संगणकातही तसेच आहे. मूळ स्पंदन वाढविले की स्मृती आणि जोडकार्डांचे मार्ग या सर्वांवर परिणाम होतो. १०० मेगाहर्ट्झसाठी त्या गतीचीच स्मृती लागे. जोडकार्डांचा पीसीआय मार्ग ३३ मेगाहर्ट्झसाठी आखलेला होता. ६६ ला दोनाने भागले किंवा १०० ला तिनाने भागले म्हणजे ३३ हीच संख्या येते, आणि हे दोन्ही भागाकार बोर्डावर उपलब्ध होते. मात्र मधली वाट म्हणून कोणी ८३ मेगाहर्ट्झ निवडले आणि भागाकार दोनाचाच राहिला, तर पीसीआय मार्ग सुमारे ४१ मेगाहर्ट्झवर जाई. त्यामुळे हार्ड डिस्कवर माहिती चुकीची उतरण्याचा धोका उत्पन्न होई. अशा रीतीने ३७५ मेगाहर्ट्झची बेताची वाटणारी गती ४५० पेक्षा अधिक धोक्याची ठरू शके. केवळ गतीचा आकडा पाहणाऱ्यास हे दिसत नाही.

बोर्डाची परीक्षा घेण्यास असा वाढीव गतीचा प्रोसेसर उपयोगी पडे, कारण बोर्डावरील विद्युत्‌दाब नियंत्रित करणाऱ्या भागांचा कस त्यामुळे लागे. परंतु येथे एक दक्षता आवश्यक होती. यंत्र बंद पडले तर दोष बोर्डाचा, प्रोसेसरचा की स्मृतीचा? हे कळण्यासाठी, वाढीव गती दुसऱ्या खात्रीच्या बोर्डावर आधीच सिद्ध झालेला प्रोसेसरच परीक्षेस घ्यावा लागे. त्याखेरीज दिलेला निर्णय म्हणजे बोर्डावर अन्यायच.

परीक्षेची शिस्त

परीक्षेचे टप्पे साधे आहेत, पण ते गाळता येत नाहीत. प्रथम यंत्र ठरविलेल्या गतीवर चालवून त्याची नोंद करावी. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बोर्डांची तुलना करताना स्मृती, हार्ड डिस्क, चित्रकार्ड आणि आज्ञावली तीच ठेवावी. प्रत्येक मापन पुन्हा पुन्हा घ्यावे. प्रत्यक्ष स्पंदनही मोजून पाहावे, कारण काही बोर्ड १०० म्हणून सांगत आणि त्याहून किंचित अधिक देत, आणि तेवढ्यावर तुलनेत पुढे जात. एकाच चिपसंचावर आधारलेल्या दोन चांगल्या बोर्डांच्या वेगात बहुधा दोन-तीन टक्क्यांहून अधिक फरक आढळत नसे. तेव्हा बोर्डाची खरी पारख वेगात नव्हे, स्थैर्यात होई.

स्थैर्य कसे तपासावे? यंत्र सुरू झाले, पडदा उजळला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ज्याचे उत्तर आधीपासून ठाऊक आहे असे अवघड गणित यंत्राला तासन्‌तास करावयास लावावे आणि उत्तर ताडून पाहावे. मोठ्या मूळ संख्यांच्या शोधासाठी १९९६ साली अमेरिकेत जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाची प्राइम९५ ही आज्ञावली याच तत्त्वावर यंत्राची कसोटी घेते. उत्तर एका अंकानेही चुकले तर ती थांबते आणि चूक दाखविते. गणिताचे शिक्षक विद्यार्थ्याची वही ताळ्याने तपासतात, त्यातलाच हा प्रकार.

न बोलणारी चूक

यंत्र बंद पडणे ही उपद्रवी गोष्ट खरी, पण ती निदान दिसते. न बंद पडता चुकीचे उत्तर देणारे यंत्र अधिक घातक. १९९४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना मूळ संख्यांवर काम करताना मूळ पेन्टियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक आढळली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८ ने सुरू व्हावयास हवे, ते १.३३३७ ने सुरू होई. तो दोष वाढीव गतीचा नव्हता, रचनेतील होता. परंतु यंत्र न अडखळता चुकू शकते, हे त्यावरून जगाला कळले. सदोष प्रोसेसर बदलून देण्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. कर आकारणीच्या उताऱ्यात असा एक अंक चुकला तर कुटुंबाला न लागू असलेली थकबाकी दिसू लागेल, आणि ती चूक यंत्राची आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या कुटुंबावरच पडेल.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज गतीच्या प्रमाणात आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेलेरॉन ३००ए ला २ व्होल्ट दाब लागे. वाढीव गतीवर तो स्थिर राहात नसेल तर लोक २.२ व्होल्ट देत. गती दीडपट आणि दाब एक दशांश अधिक, म्हणजे विजेचा खर्च सुमारे १.८ पट, आणि ही सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. थंड खोलीत घेतलेली परीक्षा म्हणून पुरेशी ठरत नाही. नागपूर किंवा चंद्रपूर येथील मे महिन्यात, छतावरचा पंखा बंद असताना, तेच यंत्र कसे वागेल हा खरा प्रश्न आहे. कारखान्याने ठरविलेल्या गतीत जी राखीव ताकद ठेवलेली असते, ती अशाच दिवसांसाठी असते. पुलावर लिहिलेली वजनाची मर्यादा आणि पूल कोसळण्याचे वजन एकच नसते. ते अंतर म्हणजे वाया गेलेली ताकद नव्हे, ते वाटसरूचे संरक्षण होय.

आजचा धडा

आजचे प्रोसेसर स्वतःचे तापमान आणि विजेचा वापर पाहून मर्यादेत राहून गती वाढवितात. तरीही मर्यादेचा प्रश्न संपलेला नाही. इंटेलचे तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी २०२४ साली वाढल्या. अवाजवी विद्युत्‌दाब हे त्याचे मूळ कारण असल्याचे कंपनीने सांगितले, आणि काही मदरबोर्डांवरील वीजपुरवठ्याची मांडणी शिफारशीपेक्षा सैल असल्याचेही त्यात नमूद केले. कंपनीने सुधारित आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. २५ वर्षांपूर्वी जे हौशी माणूस हाताने करीत असे, ते येथे ग्राहकाच्या नकळत घडले होते.

म्हणून कार्यालयासाठी किंवा शाळेसाठी संगणक स्वीकारताना काही गोष्टी कटाक्षाने पाहाव्या. देयकावर लिहिलेला प्रोसेसर आणि यंत्र सुरू होताना पडद्यावर दिसणारा प्रोसेसर एकच आहे काय, हे ताडावे. १९९० च्या दशकात कमी गतीच्या प्रोसेसरवर अधिक गतीचा शिक्का मारून विकण्याचे प्रकार घडले होते, हे विसरू नये. बोर्डावरील गती व विद्युत्‌दाब कारखान्याने शिफारस केल्याप्रमाणेच आहेत काय, हे पुरवठादाराकडून दाखवून घ्यावे. स्मृतीची आणि गणिताची दीर्घ कसोटी रात्रभर चालवून तिचा निकाल दप्तरी ठेवावा. हमीपत्र जपून ठेवावे. हाताने वाढविलेल्या गतीमुळे झालेली हानी हमीत सहसा बसत नाही, हेही ध्यानी असावे.

स्वस्त प्रोसेसरला वाढीव गती देऊन पाहणाऱ्यांनी १९९८ साली एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. किंमत म्हणजे गुण नव्हे. विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत असा प्रयोग जरूर करावा, कारण यंत्र उघडून पाहिल्याखेरीज यंत्राचे भय जात नाही. परंतु त्याच प्रयोगातून दुसरीही गोष्ट सिद्ध झाली. मिळू शकणारी गती आणि भरवशाची गती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतील यंत्र चुकले तर विद्यार्थी शिकतो. जनतेच्या नोंदी ज्या यंत्रावर ठेवावयाच्या, तेथे मात्र भरवशाचीच गती असली पाहिजे.