बिडी-सिगारेट : महिनाभर सुटते, मग कायमची का नाही?



धूम्रपान वाईट आहे, हे सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. ओढणाऱ्याला ते न ओढणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. मला बोलायचे आहे ते एवढ्याच प्रश्नावर, की सोडलेली बिडी पुन्हा हातात का येते आणि ती येऊ नये म्हणून काय करावे.

आपल्या सणसर परिसरात बिडी कोठे पेटते ते आपण पाहतोच. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेली वाहने तासन् तास रांगेत उभी असतात. कोणी रात्रपाळीला असतो, कोणी कालव्याच्या पाण्यावर दारे धरायला रात्री रानात जातो. जागरण, थंडी आणि रिकामा वेळ यांना सोबत म्हणून बिडी येते. "सिगारेट नाही हो, साधी बिडी आहे," असे वर समर्थनही असते. हा साधेपणा फसवा आहे. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली बिडी चटकन विझते, म्हणून ती जिवंत ठेवण्यासाठी वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात. तंबाखू थोडी असली तरी निकोटीन आणि विषारी कार्बन मोनॉक्साईड छातीत काही कमी जात नाही.

हे व्यसन आपल्या मातीतले नव्हे. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू या देशात आली. अकबर बादशहाचा सरदार असद बेग याने ती विजापूरच्या दरबारातून आग्र्यास नेली आणि बादशहापुढे हुक्का ठेवला. हकिमांनी त्याच वेळी हरकत घेतली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. त्या हुकमाचे काय झाले हे आपल्या कोपऱ्यावरची टपरी सांगते! आजही कायदे कमी नाहीत. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकता येत नाही, २०२० पासून महाराष्ट्रात सुटी बिडी-सिगारेट विकण्यासही मनाई आहे. आणि तरीही काही घरांत वडीलच मुलाच्या हातात पैसे देऊन "जा, बंडल घेऊन ये" म्हणतात. त्या क्षणी दुकानदाराकडून कायदा कोण मोडवून घेतो, याचा विचार पालकांनी करावा.

आता मुख्य मुद्दा. दिवसाला बंडल संपवणारा माणूस म्हणतो, "मला तासभरही जमत नाही." तोच माणूस रमजानमध्ये सहरीपासून मगरिबपर्यंत तेरा-चौदा तास बिडीला हात लावत नाही, आणि उसाच्या फडात किंवा यंत्रावर कामही करतो. म्हणजे जमत नाही, हे खरे नाही. अडचण आहे ती इफ्तारनंतरच्या पहिल्या बिडीची. खजूर आणि पाणी घेऊन होते न होते तोच हात खिशाकडे जातो, दिवसभराची कमाई त्या एका झुरक्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी शरीराला तीच झुंज पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. असे तीस दिवस चालते. माझ्या मते, न सोडण्यापेक्षाही हे अधिक कष्टाचे आहे.

वैद्यकशास्त्र याबाबत दिलासा देते. तलफेचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. चिडचिड, डोके दुखणे, झोप न लागणे, भूक वाढणे हे त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. रक्तातला कार्बन मोनॉक्साईड तर एक-दोन दिवसांतच उतरतो, आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. पहिल्या रोज्याच्या सहरीआधी जो शेवटची बिडी विझवील आणि संध्याकाळही कोरडी ठेवील, त्याचा अवघड काळ ईदचा चंद्र दिसण्याआधी बराचसा सरलेला असेल. रोज एक-एक कमी करीत जाण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांना यश अधिक मिळते, असे पाहणीत आढळले आहे.

त्या संध्याकाळच्या तासाची तजवीज मात्र आधी करावी. घरातील बंडल, काडेपेटी, राखेची वाटी बाहेर काढावी. इफ्तारनंतर टपरीकडचा रस्ता टाळून थेट मशिदीत किंवा मुलांच्या अभ्यासाशी बसावे. तलफ काही मिनिटांतच उतरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, चालावे, कोणाशी बोलावे. फारच त्रास झाल्यास औषधाच्या दुकानात निकोटीनचा च्युइंगम मिळतो. तो गोळीसारखा भराभर चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरावा, चव गेली की पुन्हा चावावा. रोजा असेल तर अर्थातच रात्रीच. हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे.

एक धोक्याची सूचना. बिडी सोडून तंबाखूची चिमूट दाढेत धरणे किंवा गुटख्याकडे वळणे म्हणजे सोडणे नव्हे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर चघळणारे, मिश्री लावणारे वगैरे २४.४ टक्के होते. माता-भगिनींनो, मिश्रीची डबी यातच मोडते. आपल्या शेजारच्या बारामतीचे शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याला कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. आर. आर. पाटील यांना तर त्याच रोगाने २०१५ मध्ये आपल्यातून नेले.

सर्वांत नाजूक दिवस ईदचा. शीरखुर्मा झाला, मित्र जमले, कोणीतरी पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, "आज सणाची एक घे." बहुतेकांची महिनाभराची मेहनत या एकीने बुडते. त्यामुळे उत्तर आधीच तयार ठेवा. "सध्या सोडलीय" म्हणालात तर समोरचा आग्रह करील. "मी ओढत नाही" एवढेच म्हणा आणि विषय बदला. चुकून एक ओढली गेलीच, तर दुसरी पेटवायच्या आत फोन हातात घ्या. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे, तेथे समुपदेशक बोलतात. विद्यार्थी मित्रांनो, हा क्रमांक आजच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या आणि घरी अब्बांना किंवा चाचांना वाचून दाखवा.