गोदामाच्या कोब्यातून येणारी ओल

पावसाळ्यानंतर सहकारी सोसायटीच्या गोदामातील थप्पी हलविली की तळच्या पोत्यांत पुष्कळदा खताचे खडे झालेले आणि बियाण्याला बुरशी आलेली आढळते. दोष गळक्या पत्र्यांना दिला जातो. पाणी मात्र बहुधा खालून आलेले असते. काँक्रीट घट्ट दिसले तरी त्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. वातीत तेल चढावे तशी ओल त्यांतून वर चढते. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत हा त्रास अधिक.

नव्या बांधकामात जोते उंच घेऊन भरावावर स्वच्छ खडीचा थर द्यावा. येथे मुरूम उपयोगाचा नाही, तो स्वतःच ओल ओढतो. खडीवर वाळूचा पातळ थर देऊन २५० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याचे सांधे किमान १५ सेंटीमीटर एकमेकांवर चढवून चिकटवावेत, कडा भिंतीतील ओलप्रतिबंधक थराशी जुळवाव्यात आणि मगच काँक्रीट ओतावे. घमेल्याच्या एका धक्क्याने हा कागद फाटतो. सदस्यांनी पाहणीला जावयाचे ते याच दिवशी. उद्घाटनाच्या दिवशी पाहण्यासारखे काही उरत नाही.

जुन्या कोब्यावर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. थेंब वरच्या अंगास जमल्यास दमटपणा हवेतला, खालच्या अंगास जमल्यास ओल जमिनीतली. तशा गोदामात पोती लाकडी चौकटींवर, भिंतीपासून अंतर राखून रचावीत.