बारा तासांचा हुकूम, सात दिवसांची झुंज



1 सप्टेंबर 1939. पहाट अजून पुरती उजाडलेली नाही…
डान्झिग बंदरात एक जर्मन युद्धनौका उभी आहे. नाव श्लेस्विग-होलश्टाइन. आली होती सदिच्छा भेटीला!
आणि तिच्याच तोफा कडाडल्या.

समोर होतं वेस्टरप्लाटे. समुद्राकाठची एक चिंचोळी जागा. तिथे पोलंडचा शस्त्रसाठा.
पहाऱ्याला 88 जणांचीच परवानगी होती. पण पोलंडने गुपचूप संख्या वाढवली होती. सुमारे 200 सैनिक, आणि मैदानी तोफ एकच. तीही पहिल्याच दिवशी निकामी झाली.

त्यांना सांगितलं होतं, बारा तास टिकाव धरा…
ते सात दिवस लढले.

दुसऱ्या दिवशी आकाशातून बॉम्ब पडले. एक अख्खी चौकी जमीनदोस्त झाली. तरी जर्मन तुकड्या आत शिरल्या की मशीनगनचा मारा सुरू व्हायचा.
आणि पोलंडचा रेडिओ देशाला सांगत राहिला, वेस्टरप्लाटे अजून लढतंय.
आम्हा रेडिओवाल्यांना याचा थोडा अभिमान वाटला, तर समजून घ्या.

हो, बारा तासांऐवजी सात दिवस!

जखमींच्या जखमा चिघळू लागल्या. मदत येण्याची आशा उरली नाही. 7 सप्टेंबरला तिथल्या तुकडीचे प्रमुख मेजर हेन्रिक सुखार्स्की यांनी पांढरं निशाण दाखवलं. जर्मन सेनापतीने त्यांची तलवार त्यांच्याकडेच राहू दिली.

सुखार्स्कींचे सहकारी कॅप्टन डाँब्रोव्स्की यांना मात्र आणखी लढायचं होतं. कोणाचं बरोबर, यावर पोलंडमध्ये पुढे कितीतरी वर्षं वाद झाला.