पुत्राचें माहेरपण

डिसेंबर महिना उजाडला कीं पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. माळ्यावरच्या गाद्या उन्हांत पडतात, नातवंडांसाठीं पाणी उकळून गाळण्याचें मोठें पातेलें बाहेर निघतें, आणि दिवाळी होऊन गेली असतांहि चकली-करंजीचा घाट पुन्हां घातला जातो. परदेशीं स्थायिक झालेला मुलगा सुटींत येणार असतो. तीन आठवडे घर भरतें आणि एके रात्रीं रिकामें होतें, कारण ज्याला तो आतां ‘आपलें घर’ म्हणतो तें दुसऱ्या देशांत आहे. या येण्याजाण्याचें स्वरूप काय आहे, आणि त्यांतील दुःख कमी करण्याचा एकादा मार्ग आपल्याच रीतिभातींत सांपडतो काय, याचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

सुटीपुरतें घरीं येणें ही कल्पना मुळीं विमानाची देणगी आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्क येथें उतरल्या. नुसत्या जाण्यालाच जेथें दोन महिने लागत, तेथें सुटींत घरीं डोकावण्याची गोष्ट कोण काढणार? वैद्यकीचें शिक्षण पुरें करून त्या नोव्हेंबर १८८६ मध्यें मुंबईस परतल्या. मधल्या काळांत मायदेशाची भेट नाहीं. पुढें जून १९४८ मध्यें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला गेलें, आणि १९६० सालीं भारतीय विमानें न्यूयॉर्कपर्यंत जाऊं लागलीं. १९६५ मध्यें अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलून देशवार कोट्याची जुनी पद्धति मोडली, तेव्हां इकडचे डॉक्टर व इंजिनियर तिकडे जाऊन राहूं लागले. १९८१ मध्यें उत्तर अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होण्याइतकी मराठी वस्ती तेथें झाली होती. आज मध्यें कोठेंहि न थांबणारें विमान मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील अंतर सुमारें सोळा तासांत तोडतें.

अंतर असें आटलें, तरी सवड मात्र वाढली नाहीं. आणि जी सुटी मिळते ती आपल्या सणांची नसते. अमेरिकेंतील शाळांना मोठी सुटी जून ते ऑगस्ट या उन्हाळ्याच्या दिवसांत आणि धाकटी सुटी नाताळांत. गणपति बसतात त्या सुमारास तिकडचें नवें शालेय वर्ष नुकतेंच सुरू झालेलें असतें, आणि दिवाळी तर भर सत्रांत येते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची एक दिवसाची सुटी मिळूं लागली, ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु एका दिवसांत पुण्यास येऊन भाऊबीज उरकतां येत नाहीं. अरबस्तानच्या आखाताकडील कुटुंबें बहुधा जुलै-ऑगस्टच्या पावसांत येतात. त्यामुळें आईबापांचा सण आणि मुलाची सुटी यांची गांठ क्वचितच पडते.

मिळालेल्या सुटीचाहि मोठा भाग प्रवासाचा शीणच खाऊन टाकतो. हिवाळ्यांत न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्यामागें साडेदहा तास असतें. मनुष्याच्या शरीराचें आंतलें घड्याळ नव्या वेळेशीं दिवसाला सुमारें एक तास या बेतानें जुळतें, आणि पूर्वेकडे येतांना तें जुळणें अधिक कठीण जातें. कारण शरीराचा स्वाभाविक दिवस चोवीस तासांहून किंचित् मोठा असल्यामुळें उशिरां झोपणें त्याला साधतें, लवकर झोपणें साधत नाहीं. म्हणून आजी आमटीभात वाढून बसते तेव्हां नातू पेंगत असतो, आणि पहाटे तीन वाजतां सारें घर निजलेलें असतांना तो भूक लागली म्हणून उठून बसतो. यांत आजीच्या स्वयंपाकाचा दोष नाहीं आणि नातवाचाहि हट्ट नाहीं.

आतां थोडें गणित मांडून पाहावें. समजा, आईबाप सत्तरीला आले आहेत आणि मुलगा दर दोन वर्षांनीं तीन आठवड्यांसाठीं येतो. पुढच्या पंधरा वर्षांत फार तर आठ खेपा होतील. म्हणजे १६८ दिवस. सुनेलाहि आईबाप आहेत, आणि त्यांचा हक्क बरोबरीचा आहे. म्हणून त्यांतले निम्मे, ८४ दिवस, उरले. हे झाले दर खेपेचे साडेदहा दिवस. त्यांतले चार दिवस झोप, बँक, दांतांचा डॉक्टर, लग्नकार्यें व खरेदी यांत गेले, तर आठ खेपांचे ३२ दिवस वजा होऊन ५२ राहतात. पंधरा वर्षांत ५२ दिवस! दोन महिनेहि पुरे नाहींत. टेलिफोनवर रोज तोंड दिसतें, बोलणें होतें, हें समाधान लहान नव्हे. परंतु बापाचा हात धरून त्याला जिना उतरवणें टेलिफोनला साधत नाहीं. तो सुख या ५२ दिवसांतच करून घ्यावें लागतें.

मग हे दिवस घालवावेत कसे? याचें उत्तर आपल्या समाजानें फार पूर्वीं एका निराळ्या माणसासाठीं शोधून ठेवलें आहे. आप्तांस भेटावयास यावयाचें आणि मग दूरच्या आपल्या घरीं परत जावयाचें, हें मराठी मुलीच्या वांट्यास शतकानुशतकें आलेलें आहे. त्याला माहेरपण म्हणतात. परदेशस्थ मुलाची स्थिति आज माहेरवाशिणीसारखीच झाली आहे. फक्त घरच्यांनीं आणि त्यानें स्वतः ती अजून ओळखलेली नाहीं.

तुलना कायद्यालाहि लागू पडते. आपल्या कायद्यांत दुहेरी नागरिकत्व नाहीं. तिकडचें नागरिकत्व घेतलेल्यास येथील पासपोर्ट परत करावा लागतो. २००५ पासून अशांसाठीं परदेशस्थ नागरिकत्वाचें कार्ड निघालें. त्यानें आजन्म येण्याजाण्याची मुभा मिळते, परंतु मत देतां येत नाहीं व शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. माहेरवाशिणीचें असेंच होतें. तिचें कुळ बदललें, नांव बदललें. यावयास तिला कोणी अडवीत नसे, परंतु घरचा कारभार तिच्या मताप्रमाणें चालत नसे.

माहेरपणाच्या रीतींत तीन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. पहिली अशी कीं, आलेल्या लेकीला गांवभर फिरवीत नसत. आयाबायाच तिला भेटावयास घरीं येत. आज मात्र आलेला मुलगा या मावशीकडे चहा, त्या काकांकडे जेवण, अशा फेऱ्यांत दमून जातो, आणि आई खिडकींत वाट पाहत बसते. एक दिवस ठरवून सर्व आप्तांस आपल्याच घरीं बोलावलें, तर पांच-सहा दिवस सहज वांचतील.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सासरीं सुखानें नांदणाऱ्या लेकीला ‘कायमची परत केव्हां येणार?’ असें कोणतीहि आई विचारीत नसे. तिनें आपल्या घरीं भरल्या हातानें राहावें, हाच आशीर्वाद असे. मुलाला मात्र हा प्रश्न दर खेपेस विचारला जातो, आणि तो उत्तर न देतां खालीं पाहतो. नातवंड दहाव्या दिवशीं ‘आपण घरीं केव्हां जायचें?’ म्हणालें कीं आजीच्या काळजांत चर्र होतें. परंतु तें मूल निष्ठुर नसतें. त्याची शाळा, त्याचे सोबती, त्याची खोली तेथें आहे. आपल्या घराची त्याला ओढ असणें हेंच तेथें सारें ठीक असल्याचें लक्षण होय.

तिसरी गोष्ट देण्याघेण्याची. लेकीची ओटी तांदूळ, नारळ आणि खण एवढ्यानेंच भरत. तिच्या गांठोड्याचा भार तिला पेलेल इतकाच असे. आतां पेट्या काट्यावर चढवून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लोणचें यांतलें काय काढावें यावर शेवटची रात्र सरते. पेट्यांना वजनाची मर्यादा असते, आणि अमेरिकेच्या जकातीच्या नाक्यावर खाण्याचा प्रत्येक जिन्नस सांगावा लागतो. ताजीं फळें तर सामानांतून नेतांच येत नाहींत. आपला आंबा २००७ पासून पुन्हां त्या देशांत जाऊं लागला तोहि लासलगांवच्या केंद्रांत किरणांची प्रक्रिया झाल्यावरच. आईनें हातीं दिलेल्या आंब्याला तेथें प्रवेश नाहीं. तेव्हां वस्तूंचा सोस सोडून ती रात्र बोलण्यांत घालवावी, हें बरें.

जुनें माहेरपण सर्वस्वीं सुखाचें होतें असें नव्हे. सासरची परवानगी न मिळाल्यानें वर्षानुवर्षें माहेर न पाहिलेल्या मुली पुष्कळ होत्या, आणि लेकीच्या घरचें पाणीहि घ्यावयाचें नाहीं असा आईबापांचा नेम असे. तो नेम आतां मोडला पाहिजे. प्रकृति धड असेपर्यंत आईबापांनींहि तिकडे जाऊन यावें. पाहुण्यास तेथें बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहतां येतें. मुलाचें घर डोळ्यांनीं पाहिलेल्या आईला तें घर परकें वाटत नाहीं. मुलानेंहि आपल्या खेपेंत औषधपाण्याची व्यवस्था, बँकेचे कागद, मृत्युपत्र, असे बोलावयास अवघड विषय पहिल्या आठवड्यांतच उरकावेत. ते निरोपाच्या संध्याकाळपर्यंत लांबणीवर टाकले कीं राहूनच जातात. आणि निदान दोन दिवस कसलाहि बेत न ठरवितां घरीं बसावें.

मराठी माणूस निरोप घेतांना ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. हातावर दही पडतें, देवापुढें डोकें टेकलें जातें, आणि तो शब्द उच्चारला जातो. पूर्वीं लेकीला आणावयास मुराळी जाई, म्हणून त्या शब्दाला आधार असे. आतां मुराळी नाहीं. म्हणून जाण्यापूर्वींच पुढच्या भेटीचा महिना ठरवून तो भिंतीवरच्या कॅलेंडरावर आईच्या हातानें लिहून घ्यावा. मग बेत पुढेंमागें झाला तरी चालेल. रिकाम्या झालेल्या घरांत त्या लिहिलेल्या महिन्याकडे पाहून दिवस मोजतां येतात.